बाबांचं बीड आणि माझे बेंड पाइप

बिडाचा तवा ज्यांच्या घरात आहे त्यांना ही गोष्ट लवकर कळेल. हा तवा तापायला वेळ घेतो, निवायला त्याहून जास्त घेतो, त्यावर घावन सुरेख सुटतं, आणि हातातून निसटून फरशीवर आपटला तर तो वाकत नाही, सरळ दोन तुकडे होतात. गाडीच्या इंजिनालाही असाच एक बिडाचा भाग लावलेला असतो. त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळलं की तो तापलेला वायू आधी या मॅनिफोल्डमध्ये येतो, तिथून एका नळीत आणि मग मागे सायलेन्सरकडे. गाडी वापरणाऱ्या बहुतेकांना हा भाग जन्मात बघावा लागत नाही.

माझ्या गाडीचा मॅनिफोल्ड गेल्या वर्षी मार्चमध्ये तडकला. त्याच महिन्यात बाबा कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सॅन होजेला आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

बाबांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ३४ वर्षं काढली. शेतीपंपांच्या बॉडी, ऑइल इंजिनांची फ्लायव्हील, हेड आणि हो, मॅनिफोल्डसुद्धा. वाळूचा साचा बांधायचा, आत पोकळी राहावी म्हणून वाळूचाच कोअर बसवायचा आणि १३५० ते १४०० अंश तापलेला लोखंडाचा रस एका दमात ओतायचा. कोळशाच्या कुपोला भट्टीपासून विजेच्या इंडक्शन फर्नेसपर्यंत सगळं बघितलेला माणूस. कान मात्र तिथेच गेले. ओतलेला माल घासून-ठोकून साफ करायच्या खात्यात ते सुरुवातीची काही वर्षं होते, कानात कापसाचे बोळे घालून. आता डाव्या कानाने जवळजवळ काही ऐकू येत नाही. उजव्या कानाला यंत्र आहे, पण ते बऱ्याचदा कानापेक्षा खिशात असतं.

आणि माझी गाडी म्हणजे १९७२ ची डॅटसन २४०-झेड. लांब नाक, दोनच सीट, सपाट मागचा भाग. १९७० साली अमेरिकेत ही गाडी ३,५२६ डॉलरला मिळायची, त्या काळी चांगल्या स्पोर्ट्स कारसाठी स्वस्तच. २,३९३ सीसीचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन, कागदावर १५१ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम हजार-पन्नास किलो. आपल्या लोकांना हिची ओळख करून द्यायची तर मी शेखर मेहतांचं नाव घेते. युगांडात जन्मलेला हा भारतीय वंशाचा चालक १९७३ ची सफारी रॅली जिंकला तो हीच २४०-झेड चालवून. पुढे त्यांनी ती रॅली आणखी चार वेळा जिंकली.

मी दिवसा सॉफ्टवेअरचं काम करते आणि वर्षातून पाच-सहा वेळा ही गाडी ट्रॅकवर नेते. रेस नव्हे. 'ट्रॅक डे' म्हणजे बंद सर्किटवर आपलीच गाडी, हेल्मेट घालून, ठरलेल्या गटात, वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये चालवायची. बक्षीस नसतं, नंबर नसतो. नवरा डबा आणतो, लेक फोटो काढते, आणि मी घामाने भिजून परत येते. चाळिशी उलटल्यावर लागलेलं हे वेड आहे. काहीजणी योगासनं करतात.

तडा कसा कळला? थंड इंजिन चालू केलं की शिलाई मशीनसारखं टिक-टिक-टिक ऐकू यायचं आणि इंजिन तापलं की बंद व्हायचं. धातू तापून प्रसरण पावला की चीर मिटते, म्हणून. बॉनेट उघडून टॉर्च मारला तर पाचव्या-सहाव्या सिलिंडरच्या मधल्या बेचक्यात काजळीची एक काळी रेघ. बाबांना मी ती दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, करंगळीचं नख त्या रेघेवरून फिरवलं आणि म्हणाले, "गेलंय हे. पण भरता येतंय."

माझ्या मनात भरायचं नव्हतं. मला दोन वर्षांपासून हेडर बसवायचे होते.

हेडर म्हणजे मॅनिफोल्डच्या जागी बसवायच्या पोलादी नळ्या. आपल्याकडच्या मोटारसायकल मिस्त्रींना विचारा, ते त्याला बेंड पाइप म्हणतील. बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये सगळ्या सिलिंडरांचा वायू चार बोटांवरच एकत्र येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लांब नळी मिळते आणि त्या नळ्या पुढे जाऊन एकमेकींना मिळतात. एवढ्याने काय फरक पडतो, असं नवऱ्याने विचारलं होतं. त्याला मी झोपाळ्याचं उदाहरण दिलं, तेच तुम्हालाही देते.

इंजिन ६,००० आरपीएमला फिरत असेल तर एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. सहा सिलिंडर म्हणजे सेकंदाला ३०० फटके. प्रत्येक फटक्याबरोबर दाबाची एक लाट नळीतून निघते. ती ध्वनीच्या वेगाने पळते, आणि तापलेल्या वायूत हा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या वर जातो. नळी जिथे मोठ्या नळीला मिळते तिथे लाट पोचली की तिथून एक उलटी लाट मागे फिरते, कमी दाबाची, ओढ लावणारी. ती व्हॉल्व्हपाशी परत येताना व्हॉल्व्ह अजून उघडा असेल तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ती बाहेर खेचते आणि ताज्या हवेला जागा करून देते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का दिला तर तो वर जातो, तसंच हे. वेळ चुकली तर तोच धक्का झोपाळा थांबवतो. आता ही लाट किती वेळात जाऊन येणार हे नळीच्या लांबीवर ठरतं. म्हणून हेडर विकत घेताना तुम्ही खरं तर एक आरपीएम विकत घेत असता. लांब, अरुंद नळ्या खालच्या आरपीएमला ओढ देतात. आखूड, रुंद नळ्या वरच्या. सगळीकडे ताकद वाढवणारा हेडर दुकानाच्या जाहिरातीत असतो, इंजिनावर नसतो.

या सहा सिलिंडरच्या इंजिनाची एक सोय आहे. त्याचा जळण्याचा क्रम १-५-३-६-२-४. नीट बघितलं तर पुढच्या तिघांतला एक, मागच्या तिघांतला एक, असा आलटून पालटून. त्यामुळे पुढच्या तीन नळ्या एकत्र, मागच्या तीन एकत्र आणि मग त्या दोन मिळून एक, अशी रचना केली की एकाच जोडातले फटके समान अंतराने येतात, एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत. मी तसाच हेडर निवडला. ट्रॅकवर माझं इंजिन बहुतेक वेळ ४,००० ते ६,५०० च्या मध्ये असतं, त्या हिशेबाने नळ्यांची जाडी घेतली. मोठ्या जाडीचा हेडर दिसायला भारी होता, पण माझ्या इंजिनात आतलं काही बदललेलं नव्हतं. साध्या इंजिनाला नको तितक्या रुंद नळ्या लावल्या तर वायूचा वेगच मरतो.

बाबांनी हे सगळं मुकाट ऐकलं. किती ऐकू गेलं देव जाणे. मग त्यांनी आपली बाजू मांडली.

त्यांचं म्हणणं असं, की बीड मूर्खपणाने निवडलेलं नसतं. राखाडी बिडात ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या पसरलेल्या असतात, त्या थरथर गिळून टाकतात. म्हणून बिडाचं इंजिन शांत वाटतं. ते उष्णता धरून ठेवतं, गंजलं तरी वरवर गंजतं, आणि ओतून हवा तो वेडावाकडा आकार देता येतो, एका साच्याच्या नमुन्यावर लाख नग निघतात. "पन्नास वर्षं झाली की ह्याला," ते म्हणाले. "तुझ्या नळ्या टिकतील पन्नास?" टिकणार नाहीत, हे मलाही माहीत होतं. पातळ पोलाद रोज तापून निवून वेल्डपाशी फाटतं. "नळ्या हलक्या असतात," बाबा म्हणाले, "पण लई बोंबलतात."

मग तडा का गेला, हे मी विचारलं. हा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण यंत्र खिशातून कानात गेलं. साधारण ६० सेंटिमीटर लांबीचं बीड ६०० अंशांनी तापलं तर ४ मिलिमीटरच्या वर लांबतं. ज्या हेडला ते बोल्टने बांधलंय ते ॲल्युमिनियमचं, पण पाण्याने थंड राहणारं, ते फार तर एखाद मिलिमीटर हलतं. म्हणजे दर वेळी गाडी तापली की मॅनिफोल्डला हेडवर सरकायला वाव हवा. कुठल्यातरी मिस्त्रीने कधीतरी शेवटचे नट जीव खाऊन आवळले असतील, किंवा गंजाने ते जागीच धरले असतील. सरकायला जागा उरली नाही की बीड वाकून घेत नाही. ते तडकतं.

शेवटी दोन्ही करायचं ठरलं. ट्रॅकसाठी हेडर, आणि मॅनिफोल्ड भरून ठेवायचा, गाडीचा मूळचा भाग म्हणून. खर्चाचा आकडाही सांगून टाकते, कारण असल्या लेखांत तो कोणी सांगत नाही. हेडर, त्यावरचा सिरॅमिक लेप, नवीन सायलेन्सर, पॅकिंग, कार्ब्युरेटरच्या सुया आणि डायनोचं भाडं मिळून सुमारे १,७०० डॉलर. गाडीच्या नव्या किमतीच्या निम्मे. नवऱ्याने फक्त "बरं" म्हटलं. त्याचं हे "बरं" ऐकलेल्यांना त्यातला अर्थ कळतो.

कामाला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं की जुन्या गाडीत नवीन भाग बसवणं सोपं, जुना काढणं अवघड. या इंजिनात हवा आत घेणारा मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर सोडणारा मॅनिफोल्ड, दोन्ही हेडच्या एकाच बाजूला, एकावर एक, आणि काही स्टड दोघांत मिळून. म्हणजे एक्झॉस्टला हात लावायचा तर आधी दोन्ही कार्ब्युरेटर, त्यांच्या दांड्या, पेट्रोलच्या नळ्या सगळं उतरवा. मागच्या टोकाचे स्टड फायरवॉलच्या कुशीत, जिथे पाना जातो पण फिरत नाही. पन्नास वर्षांचा गंज. असा स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटला तर हेड उतरवायची पाळी येते.

बाबांनी घाई करू दिली नाही. तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल. मध्ये इंजिन तापवायचं, निववायचं, परत तेल. चौथ्या दिवशी पाना लावला तो सोडवायला नव्हे, आधी किंचित आवळायला. करकर झाली की मग उलट, पाव फेरा, परत थोडा आत, परत बाहेर. बारापैकी अकरा निघाले. शेवटच्याचं डोकं तुटलं, पण मुळाशी सहा-सात मिलिमीटर दांडा शिल्लक होता. त्यावर नट वेल्ड केला. वेल्डची उष्णता लागली, गंज सुटला, आणि तो नटासकट हातात आला.

वेल्ड करायला आला होता शेजारच्या गल्लीतला एक मेक्सिकन वेल्डर. त्याला स्पॅनिश आणि थोडं इंग्रजी, बाबांना मराठी आणि थोडं हिंदी. मी दुभाषी म्हणून उभी राहिले, पण दहा मिनिटांत दोघांनी मला बाजूला केलं. बोटं, भुवया आणि खडू एवढ्यावर त्यांचं चाललं होतं.

नवीन हेडर टेबलावर ठेवला तेव्हा मला तो सुंदर वाटला. बाबांनी त्याच्या फ्लँजवर लोखंडी पट्टी उभी धरली आणि पलीकडून टॉर्च मारला. पट्टीखालून उजेड दिसला. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज मधोमध किंचित फुगलेला. तो तसाच बसवला असता तर पॅकिंग महिन्याभरात जळालं असतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सामायिक स्टडवरचा एकच जाड वॉशर इनटेकला आणि एक्झॉस्टला दोघांनाही दाबतो. दोघांच्या फ्लँजची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो, एकाला घट्ट दाबतो, दुसऱ्याला सैल सोडतो. या इंजिनावर हेडर 'गळतो' म्हणून जी तक्रार ऐकू येते तिचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. कॅलिपरने मोजलं तर माझ्या हेडरचा फ्लँज जवळपास दोन मिलिमीटर पातळ. बाबांनी वॉशरना पायरी पाडून घ्यायला सांगितली आणि स्वतः मोठी कानस घेऊन फ्लँज सपाट करायला बसले. दोन दुपारी. कानस पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. लेक त्यांच्याशेजारी बसून निळी शाई लावायची, म्हणजे उंचवटा कुठे राहिलाय ते दिसतं. तिचं मराठी तोडकं आहे. "आजोबा, इकडे अजून निळा आहे," एवढं मात्र तिला व्यवस्थित येऊ लागलं.

उष्णतेचं सांगायला हवं, कारण जुन्या गाडीत हेडर लावणाऱ्यांना नंतर रडवते ती उष्णताच. बीड उष्णता पोटात ठेवतं, पातळ नळी ती बॉनेटखाली फेकते. माझ्या गाडीत बरोबर त्या नळ्यांवर कार्ब्युरेटर बसलेले. ट्रॅकवरून येऊन गाडी उभी केली की त्यांतलं पेट्रोल उकळतं आणि गाडी पुन्हा चालू व्हायला नखरे करते. म्हणून सिरॅमिकचा लेप, म्हणून मध्ये ॲल्युमिनियमचा पडदा. नळ्यांना कापडी पट्टी गुंडाळायचा स्वस्त मार्गही आहे, पण ती पट्टी ओल धरते आणि साधं पोलाद आतून गंजतं. बसवल्यानंतर ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि वायरी हेडरपासून किती लांब आहेत हे बोटाने मोजून बघा. हे काम सायलेन्सरच्या आवाजापेक्षा शंभरपट महत्त्वाचं.

सगळं जोडून झाल्यावर गळती तपासायची होती. मला टिक-टिक ऐकायची सवय, बाबांना ती ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू मागच्या नळीत खुपसायला लावली आणि देवघरातली उदबत्ती पेटवून आणली. प्रत्येक जोडापाशी उदबत्ती हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, एकदम वाकला तर तिथे हवा निघतेय. चौथ्या सिलिंडरपाशी धूर वाकला. एक नट अर्धा फेरा. परत उदबत्ती. गॅरेजमध्ये दोन दिवस चंदनाचा वास होता.

मग बाबांचा मॅनिफोल्ड. त्यांनी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायला लावलं, तडा पुढे पळू नये म्हणून. चिरेत व्ही आकाराची खाच घासली. नवऱ्याची कोळशाची बार्बेक्यू शेगडी ताब्यात घेतली. थंड बिडावर वेल्ड केलं तर शेजारी नवा तडा जातो, म्हणून आख्खा नग आधी तापवायचा. माझ्याकडे लेझरचं थर्मामीटर होतं. बाबांनी काडेपेटीतली काडी धातूला टेकवली, गूल आपोआप पेटला, आणि "झालं" म्हणाले. मग निकेलची कांडी घेऊन वेल्डरने एक इंच भरायचं, लगेच थांबायचं, बाबांनी त्यावर गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे म्हणजे आकसणारा धातू ताण धरत नाही, मग पुढचा इंच. चार इंचांना दुपार गेली. शेवटी नग कोरड्या वाळूत पुरून ठेवला, सकाळपर्यंत. रात्री ते दोनदा उठून गॅरेजमध्ये जाऊन आले. वाळूवर हात ठेवून बघायला.

सकाळी मॅनिफोल्ड बाहेर काढला, दोरीने टांगला. ओतलेला नग धड आहे का हे बघायची फाउंड्रीतली जुनी पद्धत म्हणजे ठोका. अखंड बीड टण्ण वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. बाबांनी लाकडी मुठीने ठोका दिला आणि माझ्याकडे बघितलं नाही. लेकीकडे बघितलं. खिशातलं यंत्र कानात होतं, तरी तो वरचा सूर त्यांच्यापर्यंत पोचत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"वाजलं?" त्यांनी विचारलं.

"वाजलं, आजोबा. घंटीसारखं. अजून वाजतंय."

त्यांनी आणखी एकदा ठोका दिला, यावेळी बोटं मॅनिफोल्डला हलकी टेकवून.

डायनोचं थोडक्यात सांगते. डायनो म्हणजे रोलरवर गाडी पळवून ताकद मोजायचं यंत्र. नुसता हेडर लावून पहिली फेरी केली तेव्हा फरक नाव घेण्यासारखा नव्हता. हवा जास्त जाऊ लागली, पण पेट्रोल तेवढंच. कार्ब्युरेटरच्या सुया बदलून मिश्रण जुळवल्यावर ४,५०० च्या पुढे आलेख वर सरकला आणि वरच्या टोकाला आठ-नऊ हॉर्सपॉवर दिसले. २,५०० च्या आसपास किंचित गेलेही. बाजारहाटासाठी गाडी वापरणाऱ्याला हा सौदा तोट्याचा आहे. हेडर, पुढचा सायलेन्सर आणि मिश्रण हे तिन्ही एकत्र करायची तयारी नसेल तर पैसे टायरवर आणि ब्रेकवर घालावेत, असं माझं मत आहे.

आणि आवाजासाठी हेडर लावणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीचा एक्झॉस्ट असा बदलणं बेकायदा आहे, पोलीस असले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात, आणि झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या वतीने मी त्यांना दुवा देते. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना दर दोन वर्षांची धूर-तपासणी लागत नाही, म्हणून माझी गाडी त्यातून सुटते. पण आवाजातून नाही.

मॉन्टेरेजवळचं लगुना सेका सर्किट ३.६ किलोमीटरचं, डोंगरउतारावर वळणावळणाचं. त्यातलं 'कॉर्कस्क्रू' नावाचं वळण प्रसिद्ध आहे. थोडक्या अंतरात रस्ता सुमारे १८ मीटर खाली कोसळतो, आणि वर असताना पुढे आभाळच दिसतं. या सर्किटवर आवाजाची मर्यादा फार कडक. ट्रॅकशेजारी मायक्रोफोन लावलेला असतो आणि गाडी समोरून गेली की आकडा नोंदला जातो. आमच्या दिवशी मर्यादा ९० डेसिबल होती. काहीजण सायलेन्सरचं तोंड मायक्रोफोनच्या उलट्या बाजूला वळवून घेतात, काहीजण तिथून जाताना पायच उचलतात. मी बोल्टने जोडायचा जादा सायलेन्सर सोबत नेला होता. पहिल्या फेरीत ९१ च्या वर आकडा आला, काळा झेंडा दिसला, आत आले, वीस मिनिटांत जोडला. पुढच्या फेरीत ८८.

आठ-नऊ हॉर्सपॉवर जाणवतात का? चढणीवर जाणवले. आधी ज्या ठिकाणी मी गिअर खाली घ्यायची, तिथे इंजिन त्याच गिअरमध्ये ओढत वर गेलं. एवढंच. पण तेवढ्यासाठी हेल्मेटच्या आत मी हसत होते, हे खरं.

बाबा कुंपणापाशी टोपी घालून उभे होते. लेकीने त्यांच्या डोक्यावर कान झाकणारे हेडफोन चढवले होते, उरलेला कान तरी राहावा म्हणून. गाडी उभी करून मी खाली उतरले, आणि कसं वाटलं म्हणून विचारलं.

"आवाज काय कळाला न्हाई," ते म्हणाले. "पण त्या उतारावर गाडीचं नाक लवकर खाली जातंय तुझ्या. ब्रेक लवकर दाबालीस."

सप्टेंबरात ते परत गेले. भरलेला मॅनिफोल्ड गॅरेजच्या फळीवर, तेल लावून, जुन्या साडीत गुंडाळलेला आहे. साडी आईची. ती त्यांनी बॅगेत कशाला आणली होती, हे मी विचारलं नाही.

दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. कोल्हापुरात रात्र असते. तब्येत, पाऊस, शेजारपाजार, सगळं दोन मिनिटांत उरकतं आणि मग ते विचारतात, "स्टड परत आवळलेस का?" नवीन पॅकिंग तापून बसलं की नट सैल पडतात, म्हणून पहिल्या काही वेळा गाडी तापून पूर्ण निवली की ते बघायचे असतात. मधल्यांपासून सुरुवात, टोकाचे शेवटी, आणि टोकाचे जीव खाऊन नाही. मागच्या रविवारी फोन स्टँडवर लावून त्यांच्यासमोरच बघितले. दहा जागेवर होते. मागच्या दोघांनी पाव-पाव फेरा घेतला.